जुन्या मारुतीला बॅटरी: सही करण्याआधी

मी कोऱ्हाळे बुद्रुकहून बोलतेय. आपल्या समूहांच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या येतात त्या बहुतेक ठरलेल्या असतात. शेळ्या, शिलाई मशीन, गिरणी, पोरीची फी. गेल्या काही महिन्यांत त्यात एक नवीन मागणी आली आहे, "जुन्या गाडीला बॅटरी बसवायची आहे." दारात पंधरा-वीस वर्षांची मारुती एटहंड्रेड नाहीतर ओम्नी उभी असते. पोरानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यात कुणीतरी अंगणात इंजिन काढून मोटर बसवतो आणि गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर पडते. कल्पना पोराची, गाडी मालकांच्या नावावर आणि कर्जावर सही मात्र आपल्या ताईची. म्हणून हा विषय आज घेतलाय. ज्या कागदावर आपण सही करतो, त्यातलं यंत्र आपल्याला कळलंच पाहिजे, आणि ते कळण्यासारखं आहे.

पहिला प्रश्न सगळ्या जणी विचारतात, असं खरंच होतं का? होतं. त्यात काही जादू नाही. गाडीतलं इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी काढायची. सांगाडा, चाकं, स्टेअरिंग, ब्रेक आणि बहुतेक वेळा गिअरबॉक्स तसाच ठेवायचा. इंजिनाच्या जागी विजेची मोटर येते. मोटर आणि गिअरबॉक्स यांची तोंडं एकमेकांना जुळत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट आणि एक जोडणी लेथवर करून घ्यावी लागते. हे काम एमआयडीसीतला चांगला लेथवाला करू शकतो, पण ते केसभरसुद्धा तिरकं होऊन चालत नाही. गिरणीचा पट्टा जरा तिरपा बसला की पीठ दळताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथं पट्टा घसरून थांबत नाही, बेअरिंग आणि गिअर जातात.

मोटरला वीज किती द्यायची हे ठरवणाऱ्या डब्याला कंट्रोलर म्हणतात. शिलाई मशीनला मोटर बसवली की पायाखाली रेग्युलेटर येतो ना, हळू दाबला की टाके हळू, जोरात दाबला की सुसाट? तेच काम, फक्त शंभरपट ताकदीचं. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आता पेट्रोल सोडत नाही, कंट्रोलरला निरोप देतो. याशिवाय दिवे, हॉर्न आणि वायपर बारा व्होल्टवरच चालतात, म्हणून मोठ्या बॅटरीतून बारा व्होल्ट काढून देणारा एक छोटा डबा लागतो. मोठा फ्यूज लागतो, आणि सगळा प्रवाह एका झटक्यात तोडणारा स्विच लागतो.

एक गोष्ट व्हिडिओत सहसा दाखवत नाहीत. ज्या गाड्यांच्या ब्रेकला बूस्टर असतो, तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन काढलं की ती ओढ गेली. मग वेगळा पंप बसवावा लागतो, नाहीतर ब्रेकचं पायडल दगडासारखं कडक होतं. गाडी पळवून दाखवणारे पुष्कळ भेटतील, त्यांना आधी विचारा, थांबते कशी?

आता बॅटरी. सगळा पैसा आणि सगळा धोका इथं आहे, म्हणून इथं जरा थांबू.

बॅटरीत किती वीज मावते हे आपल्या लाइटबिलातल्या युनिटमध्येच मोजायचं. बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार करा, हजारानं भागा, युनिट मिळाले. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवरची असते. १२ गुणिले १५० म्हणजे १८००, म्हणजे १.८ युनिट. अशा सहा बॅटऱ्या जोडल्या तर कागदावर १०.८ युनिट झाले. पण शिशाची आम्लवाली बॅटरी पूर्ण रिकामी केली की लवकर मरते, म्हणून त्यातली साधारण निम्मीच वीज वापरायची असते. शिवाय ही बॅटरी झपाट्यानं उपसली की आणखी कमी देते, आणि गाडीत तर ती झपाट्यानंच उपसली जाते. हाती लागतात पाच युनिट. आता वजन बघा. अशी एक बॅटरी पन्नास-साठ किलोची, सहा झाल्या तीनशेच्या वर. मारुती एटहंड्रेडचं स्वतःचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे पाच धडधाकट माणसं कायम गाडीत बसवून ठेवल्यासारखं झालं, आणि तीही उतरायचं नाव न घेणारी. एवढं करून गाडी चालणार तीस-पस्तीस किलोमीटर. म्हणून कुणी "इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या आहेतच घरात" असं म्हणालं तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरा प्रकार लिथियमचा. त्यातही गाडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हा त्यातल्या त्यात शांत स्वभावाचा. तेवढ्याच विजेला वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, ऐंशी-नव्वद टक्के वीज वापरता येते आणि चांगल्या प्रतीच्या सेलला दोन हजारांच्या वर चार्जिंगचं आयुष्य. पण यात एकेक सेल जेमतेम तीन व्होल्टचा, म्हणून वीस-पंचवीस सेल माळेसारखे ओवावे लागतात. त्यातला एक कमजोर निघाला की सगळी माळ अडते. आपल्या समूहात एकीनं हप्ता थकवला की सगळ्यांची बँकेतली पत जाते, तसंच. म्हणून प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी एक पाटी असते, तिला बीएमएस म्हणतात. एखादा सेल जास्त भरला, जास्त रिकामा झाला किंवा तापला तर ती प्रवाह तोडते. बीएमएस नसलेली किंवा "कटकट करते म्हणून काढून टाकली" अशी लिथियम बॅटरी घरात घेऊ नका. भंगारात गेलेल्या गाड्यांतले सेल काढून, नवीन वेष्टन घालून विकणारेही आहेत. वेष्टन नवीन असलं तरी वय लपत नाही, पण ते कळतं सहा महिन्यांनी, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

वजनाची ही अडचण नवी नाही. बेंगळुरूची रेवा ही छोटी विजेची गाडी २००१ साली बाजारात आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाते असं कंपनी सांगायची. ती मुळातच बॅटरीसाठी बांधलेली होती. आपल्या अगदी शेजारी, नीरा नदीपलीकडे फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात विजेवर चालणारी रिक्षा बनवली होती, इलेक्शा नावाची. राजवंशी अमेरिकेत शिकून १९८१ साली फलटणला आले आणि तिथंच राहिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जुन्या मोटारीत मोटर कोंबली नाही. पायडल रिक्षासारखं हलकं वाहन घेऊन ते बॅटरीला झेपेल असं बनवलं. आज शहराशहरांत ई-रिक्षा धावतात, त्यामागचं गणितही हेच, वाहन हलकं, वेग कमी आणि फेरी ठरलेली.

आता पैशाचं बोलू. आकडे मी गोल धरतेय, तुम्ही तुमचे घालून बघा.

आमच्या एका समूहातल्या ताईंच्या घरी ओम्नी आहे. घरातले तिच्यातून भाजी आणि अंडी घेऊन बाजाराला जातात. रोज चाळीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे हजार किलोमीटर. माल भरलेली जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धरू, आणि पेट्रोल सोपं जावं म्हणून शंभर रुपये. पंपावर थोडं जास्तच द्यावं लागतं. महिन्याचं पेट्रोल झालं साधारण ६,७०० रुपयांचं. तीच गाडी विजेवर केली तर, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, एका युनिटला सात किलोमीटर मिळतील. म्हणजे महिन्याला १४३ युनिट. हे युनिट घरच्या बिलात मिळतात तेव्हा आपण वरच्या टप्प्यात जातो आणि दर वाढतो, म्हणून मी युनिट बारा रुपये धरलं. झाले १,७०० रुपये. वाचले ५,०००.

इथपर्यंत ऐकलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. दर महिन्याला पाच हजार काय थोडे झाले? पण गाडी बदलायला चार लाख लागले असं धरा. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्ट या कंपनीनं डिझायर गाडीसाठी किट आणलं तेव्हा किंमत पाच-सहा लाखांच्या घरात सांगितली जात होती, तेव्हा चार लाख हा आकडा मी फुगवून सांगत नाही. समूहाचं व्याज शेकडा एक रुपया महिना. चार लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याज चार हजार. वाचलेले पाच हजार सगळे हप्त्याला घातले तर मुद्दलाचे हजार रुपये फिटले. या गतीनं कर्ज फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. तोवर बॅटरी एकदा नक्की बदलावी लागेल, आणि गाडीचा पत्रा टिकेल का हे मी सांगू शकत नाही, आपल्याकडचे रस्ते सांगतील.

आठवड्यातून दोनदा बारामतीला जाऊन येणारी गाडी घ्या. महिन्याला साडेतीनशे-चारशे किलोमीटर, बचत दोन हजारांच्या आत. त्यातून व्याजसुद्धा निघत नाही. अशा घरानं ती गाडी पेट्रोलवरच चालवावी, नाहीतर विकून टाकावी.

मग कुणाला परवडतं? जी गाडी रोज शंभर किलोमीटरच्या आसपास ठरलेल्या रस्त्यानं फिरते तिला. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धरले तर बचत बारा हजारांच्या पुढे जाते. एवढं अंतर एका चार्जिंगमध्ये जायला बॅटरी मोठी लागते, म्हणून खर्च चारऐवजी पाच लाख धरला, तरी कर्ज चार-साडेचार वर्षांत फिटतं. बॅटरीच्या आयुष्यात बसतं. म्हणजे पाहिला पाहिजे तो आकडा आहे रोजचे किलोमीटर. त्या ताईंना आम्ही सांगितलं, कर्जाचा अर्ज राहू दे, आधी महिनाभर मीटरचा आकडा रोज रात्री वहीत लिहा. माणसं किलोमीटर नेहमी वाढवून सांगतात, मीटर तसं करत नाही. शिवाय तेवढ्याच पैशात नवीन मालवाहू विजेची तीनचाकी कितीला पडते, तेही विचारायला सांगितलं. ती वॉरंटीसह येते आणि तिचे कागद शोरूममध्येच होतात.

कागदाचं म्हणाल तर तो या सगळ्यातला सर्वांत जड भाग आहे, बॅटरीपेक्षा जड. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम ५२. नोंदणी पुस्तकात कंपनीनं दिलेली जी माहिती आहे, तिच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. इंधन हा त्यातलाच एक रकाना. गाडी विजेवर करायला बंदी नाही, पण रस्ता ठरलेला आहे. किट मंजूर झालेलं हवं, ते किट कंपनीनं नेमलेल्या माणसानंच बसवलेलं हवं, आणि मग आरटीओत तपासणी होऊन पुस्तकात इंधन बदलून घ्यायचं. गाडी पूर्ण विजेवर करणाऱ्या किटसाठी एआयएस १२३ भाग ३ हे मानक आहे. किटची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यातच आहे, कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, १९६६ पासूनची. अंगणात स्वतः जोडलेली मोटर कितीही झकास चालली तरी तिला हा शिक्का मिळत नाही.

तुम्हाला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवत असतील. त्यांनी भंगारातून, घरच्या घरी, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. विजेची नव्हती, पण हात कसबी होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी हेही म्हटलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. गाडीच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाला ती मिळाली. सगळ्या देशानं वाहवा केलेल्या माणसाच्या गाडीचं हे, तर आपल्या दारातल्या ओम्नीचं काय होईल? आणि आपल्याला कुणी बोलेरो देणार नाही.

पोलीस अडवतील हा भाग सोडा. खरी भीती विम्याची. न कळवता बदल केलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर ती घरावर, जमिनीवर येते. ज्या समूहानं त्यासाठी कर्ज दिलं, त्याचा हप्ताही तिथंच बुडतो. म्हणून मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय कर्ज नाही, असं आमच्या ग्रामसंघात मी तरी आग्रहानं मांडणार आहे. कागद पाहताना नुसता शिक्का बघू नका. ते किट कोणत्या गाडीसाठी मंजूर आहे ते वाचा, आपल्या गाडीचं नाव त्यात असलं पाहिजे. दुचाकीचं किट मंजूर आहे म्हणून चारचाकीला चालत नाही. ठाण्याच्या गोगो ए वन कंपनीनं स्प्लेंडर मोटारसायकलसाठी मंजूर किट आणलं, त्याच्या बातम्या २०२१ मध्ये खूप फिरल्या. त्या बातमीचं कात्रण दाखवून मारुतीसाठी पैसे मागणारे लोक मला भेटले आहेत. त्या किटची तेव्हाची किंमत ३५ हजारांच्या आसपास होती आणि बॅटरी वेगळी, हेही त्या कात्रणात बारीक अक्षरात असतं.

एवढं सगळं जुळलं, कागद आहे, किलोमीटर आहेत, पैसे आहेत, तर मग घर तयार करायचं. गावाकडच्या पुष्कळ घरांचा मंजूर वीजभार एक किलोवॉटचाच असतो. गाडीचा चार्जर एकटाच दोन किलोवॉट ओढतो, तोही सहा-सात तास सलग. म्हणून महावितरणकडे अर्ज करून भार आधी वाढवून घ्या. मीटरपासून चार्जिंगच्या जागेपर्यंत जाड वायर वेगळी टाकायची, तिला वेगळा एमसीबी, शॉक लागताच तोडणारा आरसीसीबी, आणि अर्थिंग खरं हवं, भिंतीतल्या खिळ्याला बांधलेलं नको. टीव्हीच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढून गाडी लावाल तर आधी प्लग वितळेल. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायची नाही. ती वीज शेतीसाठी दिलेली आहे आणि दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्यानं दंड लागतो. संध्याकाळी वीज दाबात नसते, रात्री उशिरा लावलेली बरी. छपरावर सौर पॅनल बसवणार असाल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि गाडी दिवसा घरी असेल तर ते चांगलं जुळतं. पण भाजीची गाडी दिवसा घरी नसते, हे विसरू नका.

आणि हे घरात सगळ्यांना सांगा. बॅटरीच्या टोकांजवळ काम करताना हातात पाटल्या, बांगड्या, अंगठी आणि गळ्यात लोंबणारं मंगळसूत्र नको. बाईलाच नव्हे, पुरुषांनाही कडं आणि साखळी काढायला लावा. दोन टोकांवर धातू पडला की तो क्षणात तापून लाल होतो, हातातून काढायला वेळ मिळत नाही. इथली वीज बॅटरीची, घरच्या विजेसारखी हेलकावे खाणारी नाही, तिची ठिणगी लागली की सहज तुटत नाही. शिशाची बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सोडते, म्हणून बंद खोलीत नको, आणि जवळ विडी, उदबत्ती, चूल काही नको. लिथियमची बॅटरी फुगलेली, वास येणारी किंवा हाताला गरम लागली तर चार्जिंग लगेच मुख्य स्विचवरून बंद करून माणसं लांब न्या. ती पेटली तर भरपूर पाणी लागतं आणि विझली असं वाटल्यावर पुन्हा पेटू शकते, तेव्हा लगेच जवळ जायचं नाही. गाडी चार्जिंगला लावायची जागा कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि झोपायच्या खोलीपासून दूर ठरवा, वर पत्रा हवा आणि खाली पाणी साचायला नको. गाडीला आवाज नसतो, त्यामुळे मागे घेताना अंगणातली पोरं, म्हातारी माणसं आणि कोंबड्या हलत नाहीत, एकजण खाली उतरून मागे उभं राहिल्याशिवाय गाडी मागे घेऊ देऊ नका.